बारा जणांच्या यादीबाहेर

बास्केटबॉलच्या निवड चाचणीत नाव न लागलेल्या मुलाला आपल्याकडे एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. ‘अरे, मायकेल जॉर्डनलासुद्धा शाळेच्या संघातून काढलं होतं. पुढे बघ कुठे पोचला!’ पीटीचे सर सांगतात, मामा सांगतात, मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ तर दिवसाआड सांगतात. मुलगा मान डोलावतो. त्याचं दुःख तिळभरही हलकं होत नाही, वर आता जॉर्डन होऊन दाखवायची जबाबदारीही अंगावर पडते.

ही गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि त्यातला कामाचा भाग नेमका सांगायचा राहून जातो.

१९७८ साल. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात विल्मिंग्टन नावाचं गाव आहे, तिथल्या लेनी हायस्कूलमध्ये जॉर्डन दहावीत होता. उंची पाच फूट दहा इंचांच्या आसपास. तिकडच्या शाळांमध्ये दोन संघ असतात: मुख्य म्हणजे व्हार्सिटी, आणि त्याखालचा ज्युनियर व्हार्सिटी. मुख्य संघात चेंडू खेळवणारे जुने, अनुभवी खेळाडू भरपूर होते, उंच मुलांची मात्र वानवा होती. म्हणून दहावीतल्या एकाला वर घेतलं. तो लेरॉय स्मिथ, जॉर्डनचाच मित्र, साडेसहा फुटांच्या घरातला. जॉर्डनचं नाव दुय्यम संघात लागलं. यादी पाहून आपण घरी गेलो आणि खोलीत बसून रडलो, असं त्यानं पुढे सांगितलं आहे, आणि त्यावर अविश्वास ठेवायचं कारण नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला दुय्यम म्हटलं की रडू येणारच.

पण त्याला कोणी काढलं नव्हतं. तो मोसम तो दुय्यम संघाकडून खेळला आणि काही सामन्यांत तर एकट्यानं चाळीस-चाळीस गुण केले. पुढच्या उन्हाळ्यात त्याची उंची चारेक इंचांनी वाढली. अकरावीत तो मुख्य संघात आला. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा जॉर्जटाउनविरुद्धचा फटका त्याचाच. आता उलट बाजूनं विचार करा. दहावीत त्याला हट्टानं मुख्य संघात घेतलं असतं तर काय झालं असतं? थोरल्या मुलांचं पाणी भरत तो वर्षभर बाकावर बसला असता, असंच मला वाटतं. चाळीस गुणांचे ते सामने त्याच्या वाट्याला आलेच नसते.

२००९ साली बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, तेव्हाच्या भाषणात त्यानं लेरॉय स्मिथचं नाव घेतलं. स्मिथला त्यानं मुद्दाम बोलावलं होतं, तो समोरच बसला होता. तीस वर्षं जपलेला तो सल पाहून लोकांनी निष्कर्ष काढला की अपमानाची आग पेटती ठेवली की माणूस जॉर्डन होतो. मला हे पटत नाही. यादीत नाव न आल्याचा राग गल्लोगल्लीच्या मुलांकडे आहे. त्यांच्याकडे नसतो तो दुय्यम संघ, म्हणजे वर्षभर खेळायची जागा.

आपल्याकडची व्यवस्था पाहा. शालेय स्पर्धा असोत की जिल्हा संघटनेची चाचणी, मुलं कितीही येवोत, संघात बाराच बसतात. जिल्हा, विभाग, राज्य अशा चाळण्या लागत जातात, आणि प्रत्येक चाळणीतून गळणाऱ्याला फक्त ‘पुढच्या वर्षी ये’ एवढंच ऐकायला मिळतं. या वर्षी त्यानं कुठे खेळायचं हे कोणी सांगत नाही. त्यातून दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांची भानगड असते. चाचणी खेळाची राहत नाही, ती टक्केवारीची होते, आणि आईबाबा मैदानाच्या कडेला परीक्षा केंद्राबाहेर थांबल्यासारखे थांबतात.

चाचणीत नेमकं काय मोजलं जातं, हेही एकदा नीट पाहायला हवं. प्रशिक्षकाला वाटतं आपण खेळ मोजतो. बऱ्याच अंशी तो त्या दिवशीचं शरीर मोजत असतो. मुलांमध्ये उंची वाढण्याचा जोर साधारण चौदाच्या आसपास असतो, मुलींमध्ये बाराच्या आसपास. पण ही सरासरी झाली. कोणाचा भर अकराव्या वर्षीच सुरू होतो, कोणाचा सोळाव्यापर्यंत ढिम्म हलत नाही. त्यामुळे एकाच वर्गातली, एकाच वयाची दोन मुलं शरीरानं तीन-चार वर्षांच्या अंतरावर असू शकतात. एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याच्या हाताला सात नंबरचा चेंडू अजून पेलत नाही. कबड्डीत निदान वजनाची मर्यादा असते. बास्केटबॉलची रिंग सगळ्यांसाठी ३.०५ मीटरवरच.

त्यात जन्मतारखेचा हिशेब मिसळतो. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे वयोगट जन्मवर्षावर ठरतात. म्हणजे सोळा वर्षांखालच्या गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच रांगेत उभे राहतात, पण एकाला अकरा महिन्यांची जास्तीची वाढ आणि जास्तीचा सराव मिळालेला असतो. कॅनडातल्या आइस हॉकीत हा कल १९८० च्या दशकात संशोधकांच्या नजरेत भरला: वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं फार, शेवटच्या महिन्यांतली कमी. पुढे फ्रान्समधल्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींमध्येही हेच दिसलं. आपल्याकडे खोट्या जन्मदाखल्यांचा प्रश्न आहे तो वेगळाच, त्याचा तर हिशेबच नको.

वाढीच्या भरात आणखी एक गंमत होते, आणि ती मुलांना कोणी सांगत नाही. हातपाय इतक्या झपाट्यानं लांब होतात की मेंदूतला जुना अंदाज चुकायला लागतो. काल सहज बसणारा फटका आज रिंगच्या मागच्या कडेवर आपटतो, ड्रिबल करताना चेंडू पावलावर बसतो. मुलाला वाटतं आपला खेळ गेला. सर म्हणतात लक्ष नाही. खरं तर काही महिने थांबून, जवळून फटके मारत पुन्हा अंदाज बसवायचा असतो. नेमक्या याच काळात चाचणी आली तर चांगला खेळाडूही गळतो.

उशिरा वाढलेल्यांची नावं घ्यायची तर अँथनी डेव्हिसचं घ्यावं. शिकागोच्या शाळेत तो सव्वासहा फुटांच्या आतला, चेंडू पुढे नेणारा गार्ड होता. मग दीडेक वर्षात सात-आठ इंच वाढला आणि २०१२ साली एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर घेतला गेला. उंच झाल्यावरही त्याचे हात गार्डचेच राहिले, कारण बुटकेपणी तो तसाच खेळलेला होता. स्कॉटी पिपेन सहा फूट एक इंचाचा असताना छोट्याशा कॉलेजात संघाची सटरफटर कामं करत खेळात शिरला आणि तिथेच वाढला. ही उदाहरणं देताना एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी: बहुतेक मुलं अशी अचानक वाढत नाहीत. पाच फूट सहाचा मुलगा बहुधा पाच फूट आठवर थांबतो. ‘तू पण वाढशील’ हा दिलासा नसून जुगार आहे, आणि तो मुलाच्या मनाशी खेळू नये. त्याला एवढंच सांगता येतं की आजच्या यादीनं तुझं आजचं शरीर आणि संघाची आजची गरज पाहिली.

नकार इतका झोंबतो का? मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांना याचा धागा एका बागेत सापडला. ते बसले होते, एक फ्रिस्बी येऊन पडली, त्यांनी ती दोन अनोळखी लोकांकडे परत फेकली. त्या दोघांनी त्यांनाही खेळात घेतलं, आणि थोड्या वेळानं काही न बोलता त्यांच्याकडे फेकणं बंद केलं. कोण कुठले ते दोघं, पण विल्यम्सना ते चांगलंच लागलं. यातून त्यांनी संगणकावरचा एक साधा खेळ तयार केला, सायबरबॉल. तिघं चेंडू एकमेकांकडे टाकतात, आणि काही वेळानं तुमच्याकडे चेंडू येणं थांबतं. बस, इतकंच. तेवढ्यानंही माणसं खट्टू होतात, आपली काही किंमत नाही असं त्यांना वाटू लागतं. समोरचे दोघं माणसं नसून संगणक आहे, असं आधी सांगितलं तरी वाईट वाटायचं ते वाटतंच. २००३ मध्ये नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी हा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा शारीरिक वेदनेशी जोडलेल्या काही भागांत हालचाल दिसली. नकार म्हणजे हुबेहूब शारीरिक वेदनाच का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, आणि तो असू द्यावा. झोंबतं हे मात्र वादातीत.

बास्केटबॉलच्या मुलांना हे प्रयोगशाळेत जाऊन शिकायची गरज नाही. सायबरबॉल त्यांच्या मैदानावर रोज चालू असतो. यादीत नाव लागलेलं असतं, पोरगी कोपऱ्यात मोकळी उभी असते, हात वर करून ‘इकडे, इकडे’ म्हणत असते, आणि चेंडू दुसऱ्याच बाजूला जातो. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा ती हात वर करत नाही. थोड्या वेळानं ती मोकळ्या जागेत धावतही नाही. मग मध्यंतरात सर ओरडतात, ‘तू झोपलीस का?’ यादीबाहेर राहण्याचा धक्का एका दिवसाचा असतो, हा रोजचा असतो, आणि माझ्या मते मुलं खेळ सोडतात ती बऱ्याचदा यानं. बाकाच्या टोकाला बसणाऱ्या बाराव्या खेळाडूचंही तेच. संघात आहे, गणवेशावर क्रमांक आहे, घाम मात्र नाही. पंजाबातल्या बल्लोके गावचा सतनामसिंग २०१५ मध्ये एनबीएनं निवडलेला पहिला भारतीय ठरला, बावन्नाव्या क्रमांकावर, डॅलस मॅव्हरिक्सकडून. देशभर पेढे वाटावेत अशी बातमी होती. एनबीएचा एकही सामना मात्र त्याला खेळायला मिळाला नाही.

नकार कसा सांगितला जातो, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. आपल्याकडची पद्धत म्हणजे रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपच्या गटावर पडणारी यादी. मुलं ती वरून खाली वाचतात, मग खालून वर वाचतात, मग फोन उलटा ठेवतात. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सगळं माहीत असतं. यादी टाकण्याआधी, वगळलेल्या प्रत्येकाशी तीन मिनिटं बोलायला सरांना वेळ नाही असं म्हणतात. तीन मिनिटं खरोखर जड नसतात. जड असतं ते समोरच्या मुलाच्या डोळ्यांत पाहणं. ‘तुझी उंची या जागेला कमी पडते, डावा हात कच्चा आहे, आणि तुझ्या जागेवर दोन थोरली मुलं आहेत’ असं सरळ सांगितलं तर मुलगा रडेल, पण त्याला कारण कळेल. कारण कळलं नाही की तो स्वतः कारण तयार करतो, आणि तेरा-चौदाव्या वर्षी तयार केलेलं कारण एकच असतं: मीच वाईट आहे.

घरी दुसरं कारण तयार होतं: वशिला. ‘संघटनेच्या माणसाचा पुतण्या घेतला, मग आपला कसा बसणार?’ आता, वशिला चालत नाही असं म्हणणं दुधखुळेपणाचं होईल. कुठे कुठे चालतो. पण मुलासमोर हे वाक्य टाकताना आईबाबांनी एक पाहावं. वशिल्याच्या स्पष्टीकरणानं त्या रात्री बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी सराव करायचं कारणच उरत नाही. अन्याय झाला असेल तर मोठ्यांनी मोठ्यांशी भांडावं, लेखी तक्रार करावी. मुलाला त्यातला सरावाचा भाग तेवढा द्यावा.

आणि स्कूटरवरून घरी येताना शक्यतो गप्प बसावं. सामन्यानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटं मुलांना विश्लेषण नको असतं. ‘तो शेवटचा पास का दिलास?’ हा प्रश्न बाबांना खेळाविषयी वाटतो, मागे बसलेल्याला तो उलटतपासणी वाटतो. ‘भूक लागली का रे?’ हे पुरतं. बोलायचं असेल तर मूल स्वतःहून जेवणाच्या ताटावर बोलतं.

ज्या मुलाची सगळी ओळखच खेळ होऊन बसलेली असते, त्याला नकार सर्वांत खोल लागतो. ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये खेळाडूपणाच्या ओळखीवर एक निबंध लिहिला. ही ओळख पक्की असली की माणूस झटून सराव करतो, पण दुखापत झाली किंवा निवड हुकली की त्याला उभं राहायला दुसरी जागाच नसते, असा त्याचा सूर होता. वर्गात तबला वाजवणारी, मामेभावांबरोबर पत्ते कुटणारी मुलगी निवड हुकल्यावर चार दिवस रुसते. सकाळ-संध्याकाळ फक्त अकादमीत राहणारी मुलगी त्याच बातमीनं कोलमडते. म्हणून सातवी-आठवीतच बाकी सगळं सोडून एका खेळाला जुंपणाऱ्या पालकांचा उत्साह मला धोक्याचा वाटतो.

आता दडपणाकडे. ते पाहायचं तर फ्री थ्रोच्या रेषेवर पाहावं. बोर्डापासून ही रेषा ४.६० मीटरवर. समोर अडवणारं कोणी नाही, घड्याळ थांबलेलं, हातात पाच सेकंद. तांत्रिकदृष्ट्या याहून सोपा लांबचा फटका खेळात नाही. आणि तरी जिल्ह्याच्या सामन्यात, एका गुणाचा फरक असताना, सिमेंटच्या मैदानावर तिथे उभ्या राहिलेल्या मुलाकडे बघा. तो चेंडू तीनदा आपटतो, मग चौथ्यांदा. तळवे चड्डीला पुसतो. बाबांकडे एकदा नजर जाते. गुडघे वाकतात पण नेहमीपेक्षा कमी, कोपर घट्ट होतं, आणि चेंडू रिंगच्या अलीकडेच मान टाकतो.

हे पोरासोरांचंच होतं असं नाही. ७ जून १९९५, एनबीएच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना. ओरलँडो मॅजिक तीन गुणांनी पुढे, जेमतेम दहा सेकंद शिल्लक. निक अँडरसनला दोन फ्री थ्रो मिळाले. एक बसला तरी सामना खिशात. दोन्ही हुकले. चेंडू परत त्याच्याच हाती आला, पुन्हा फाउल झाला, पुन्हा दोन मिळाले. तेही हुकले. समोरच्या ह्यूस्टन संघानं तीन गुणांचा फटका मारून बरोबरी साधली, जादा वेळेत सामना घेतला आणि मालिका ४-० अशी जिंकली. त्या मोसमात अँडरसन शंभरातले सत्तर फ्री थ्रो टाकत होता. दोन वर्षांनी तो चाळिसावर आला. हात तोच, रेषा तीच.

काय बिघडतं? रॉय बॉमाइस्टर यांनी १९८४ मध्ये आणि पुढे सियान बायलॉक यांनी गोल्फ खेळणाऱ्यांवरच्या प्रयोगांतून याचं एक उत्तर दिलं. हजारो वेळा केलेली हालचाल मेंदू आपोआप चालवतो, तिच्यावर देखरेख लागत नाही. दडपण आलं की आपण देखरेख करायला लागतो: गुडघा किती, कोपर कुठे, मनगट कधी. तुकड्यातुकड्यांनी तपासत केलेली हालचाल नवशिक्याच्या हालचालीसारखी होते. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाऊल कसं पडतं ते बघायला लागलात तर अडखळाल, तसंच. दडपणाचा दुसरा मार्ग निराळा आहे. ‘हुकलं तर काय’ या विचारांनी डोक्यातली जागा व्यापली की ऐनवेळी आखलेली चाल आठवत नाही, मोकळा साथीदार दिसत नाही. पहिल्यात विचार जास्त होतो, दुसऱ्यात विचाराला जागाच उरत नाही. म्हणून फटका चुकणाऱ्याला आणि निर्णय चुकणाऱ्याला एकच औषध लागू पडत नाही.

हे लक्षात आलं की मैदानाकडेनं येणारी एक आरोळी फार खटकते. मुलगा रेषेवर उभा आहे आणि सर ओरडतात, ‘कोपर आत घे! कोपर!’ सूचना बरोबर असेलही. पण ती सरावात द्यायची. त्या पाच सेकंदांत ती देणं म्हणजे त्याला देखरेखीला बसवणं.

मग रेषेवर करायचं काय? जोन व्हिकर्स या कॅनडातल्या संशोधिकेनं १९९६ मध्ये फ्री थ्रो टाकणाऱ्यांच्या डोळ्यांचा माग घेतला. पट्टीचे खेळाडू चेंडू सोडण्याआधी रिंगवर नजर जास्त वेळ, जवळजवळ सेकंदभर, स्थिर ठेवत होते. इतरांची नजर भिरभिरत होती. पुढे तिनं आणि एका सहकाऱ्यानं विद्यापीठातल्या मुलींच्या संघाला असा नजरेचा सराव दिला, आणि त्यांचे फ्री थ्रो सुधारले. नजर बाहेर, रिंगच्या एका ठरलेल्या बिंदूवर अडकली की आत कोपराकडे जायला तिला फुरसत नसते. चेंडू ठरावीक वेळा आपटणं, एक श्वास सावकाश सोडणं, मग नजर, मग फटका, असा आपला क्रम ठरवून घेतला तर तो दडपणातही आपसूक चालू होतो. मात्र हा क्रम सामन्याच्या दिवशी शोधायचा नसतो.

सरावातच थोडं दडपण घालावं, हेही तपासून पाहिलेलं आहे. नेदरलँड्समधल्या ओडेयान्स आणि पायपर्स यांनी अनुभवी बास्केटबॉल खेळाडूंच्या एका गटाला दडपणाखाली फ्री थ्रोचा सराव करायला लावला, दुसऱ्याला निवांत. नंतर खऱ्या दडपणात निवांत गटाचा खेळ घसरला, सरावलेल्यांचा टिकला. आपल्याकडे यासाठी काही सामग्री लागत नाही. सरावाच्या शेवटी, सगळे दमलेले असताना, एकाला रेषेवर उभं करायचं. दोन बसले तर सगळे घरी, हुकले तर सगळ्यांना मैदानाची एक फेरी. मुलं ओरडतात, चिडवतात, हसतात. हसण्यापर्यंत ठीक. हुकलेल्याला घालूनपाडून बोलणं सुरू झालं की ते तिथल्या तिथे थांबवायचं, नाहीतर दडपण पेलण्याऐवजी दडपणाची धास्ती शिकवली जाते.

हसं होण्याची ही भीती मोठमोठ्यांना सोडत नाही. विल्ट चेंबरलेन फ्री थ्रोत कच्चा होता. १९६१-६२ च्या मोसमात तो दोन्ही हातांनी खालून, गुडघ्यांमधून चेंडू टाकायला लागला आणि त्याचं प्रमाण ६१ टक्क्यांवर गेलं. २ मार्च १९६२ ला त्यानं एका सामन्यात शंभर गुण केले, तेव्हा ३२ पैकी २८ फ्री थ्रो याच पद्धतीनं टाकले होते. आणि नंतर ही पद्धत त्यानं सोडून दिली, कारण तसं टाकताना आपण बायकी दिसतो असं त्याला वाटायचं. शंभर गुण करणाऱ्याची ही गत, तर आठवीतल्या मुलाला वर्गातल्या मुली काय म्हणतील याची धास्ती वाटली तर नवल काय? दडपण रिंगचं नसतं, बघणाऱ्यांचं असतं.

छातीत धडधडतंय, पोटात गोळा आलाय, या खुणांना काय म्हणायचं यानंही फरक पडतो. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये गाणं, भाषण आणि गणित यांच्या आधी लोकांना स्वतःशी वेगवेगळी वाक्यं म्हणायला लावली. ‘शांत हो’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधड थांबवणं अवघड, तिचं नाव बदलणं त्या मानानं सोपं. म्हणून सामन्याआधी ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणण्यात फारसा अर्थ नसतो. त्यानं मुलाला फक्त एवढंच कळतं की आपलं टेन्शन सगळ्यांना दिसतंय.

यापलीकडेही एक हद्द असते. एनबीएतल्या क्लीव्हलँड संघाचा केव्हिन लव्ह ५ नोव्हेंबर २०१७ ला अटलांटाविरुद्धच्या सामन्यात मध्येच मैदान सोडून गेला. श्वास लागत होता, काही सुचत नव्हतं. तो भीतीचा झटका होता. पुढच्या मार्चमध्ये त्यानं हे स्वतः लिहून सांगितलं, त्याच्या थोडं आधी एनबीएतलाच डेमार डेरोझन आपल्या नैराश्याबद्दल बोलला होता, आणि ‘मर्दांचा खेळ’ म्हणवणाऱ्या त्या जगात निदान बोलणं सुरू झालं. आपल्या मुलांकडे बघताना काही खुणा हलक्यात घेऊ नयेत: सामन्याच्या दिवशी नेमानं पोट दुखणं, निवड हुकल्यावर आठवडेच्या आठवडे झोप आणि जेवण उडणं, मित्रांना टाळणं, ‘मी नसलेलाच बरा’ अशी वाक्यं. इथे सरावाचे उपाय चालत नाहीत, डॉक्टर किंवा समुपदेशक लागतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

उरलेल्या पुष्कळ मुलांना डॉक्टर लागत नाही, मैदान लागतं. यादीबाहेरच्या मुलांसाठी दुसरा संघ काढा म्हटलं की शाळा गणवेशाचा, प्रवासाचा, वेळेचा खर्च मोजू लागतात. हा खर्च कमी करणारा एक प्रकार आता आपसूकच हाती आलेला आहे, तीन विरुद्ध तीन. अर्धं मैदान, एकच रिंग, संघात चार मुलं, दहा मिनिटं किंवा एकवीस गुण, जे आधी होईल ते. टोकियो ऑलिंपिकपासून तो पदकाचा खेळ झाला आहे. बाराव्या खेळाडूला इथे बाकावर लपता येत नाही आणि कोपऱ्यातल्या मुलीला चेंडू न देऊन भागत नाही, कारण मैदानावर आहेतच तिघं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सामना चालू असताना प्रशिक्षकाला मैदानापाशी थारा नाही, त्यामुळे ‘कोपर आत घे’ हेही ऐकू येत नाही. बदली खेळाडू कधी आणायचा ते मुलांनीच ठरवायचं.

चाचणीत गळलेल्या बारा-पंधरा मुलांचे असे तीन-चार संघ सहज होतात. मुलामुलींचे वेगळे करा, किंवा सातवीपर्यंत एकत्र खेळवा. शनिवार संध्याकाळ ठरवा, गुणफलक म्हणून वर्गातला जुना फळा आणा, पंच म्हणून यादीतल्याच थोरल्या मुलांना उभं करा. नियम त्यांनाही नीट येत नसतात, त्या निमित्तानं येतील. रिंगला जाळं नसलं तरी चालतं. फक्त सहानंतर शाळेच्या फाटकाची किल्ली कोणाकडे राहणार, हे शिपायाशी बोलून आधी ठरवून घ्यावं लागतं.